विद्येचा धनी कोण?

आमच्या माहूरच्या शिखरावर ज्या दत्तात्रेयाचें स्थान आहे, त्यानें पृथ्वीपासून मधमाशीपर्यंत चोवीस गुरु केले, असें सांगतात. त्या चोवीसांपैकीं एकानेंही शिष्याच्या ज्ञानावर मालकी सांगितली नाहीं. आजच्या विद्यापीठांना व कारखानदारांना मात्र तेवढा संयम राहिलेला नाहीं.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षीं महाविद्यालयांत प्रकल्प करतो, अथवा नांदेडहून पुण्याच्या एखाद्या कारखान्यांत प्रशिक्षणास जातो. पहिल्याच दिवशीं त्याच्यापुढें इंग्रजी करारपत्र येतें. तो न वाचतां सही करतो आणि त्या मुदतींत त्याला जें सुचेल तें सर्व दुसऱ्याचें होऊन बसतें!

कायदा इतका निष्ठुर नाहीं. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचें १७ वें कलम साधारणतः कर्त्यालाच कृतीचा पहिला मालक मानतें. नोकरींत किंवा उमेदवारींत केलेल्या कृतीची मालकी धन्याकडे जाते खरी, पण तीही उलट करार नसेल तरच. १९७० चा पेटंट कायदा अर्जाचा हक्क खऱ्या व पहिल्या संशोधकाला, किंवा त्यानें तो ज्याच्या स्वाधीन केला त्याला, देतो. म्हणजे विद्यार्थ्याचा हक्क हिरावते ती बहुधा त्याचीच सही.

कोणी म्हणतील, "प्रयोगशाळा आमची, मार्गदर्शन आमचें." खरें, पण शुल्क कोणाचें? नोकराला वेतन मिळतें; विद्यार्थी तर पैसे भरून शिकतो. विद्यावेतन देणाऱ्या कारखान्याचा नेमून दिलेल्या कामावरील हक्क आम्ही मानतों. परंतु वसतिगृहांत रात्रीं सुचलेल्या कल्पनेवरही त्यानें हात ठेवावा, हा कोठला न्याय? केंद्र शासनाच्या २०१९ च्या नवोपक्रम-धोरणानेंही संस्थेच्या साधनांचा मोठा उपयोग झाला असतां मालकी संयुक्त असावी, असेंच सुचविलें आहे. संयुक्त म्हणजे सगळी नव्हे!

मराठवाड्यांत पाडव्याला सालगडी ठेवतांनासुद्धां ठराव आधीं तोंडीं बोलून होतो. पदवीच्या विद्यार्थ्याला तेवढाही मान नसावा काय? करार मराठींत असावा, सहीपूर्वीं आठ दिवस हातीं द्यावा आणि नेमलेल्या कामापलीकडे त्यानें जाऊं नये. आम्हां प्राध्यापकांचें कर्तव्य तो वाचून दाखविण्याचें आहे, सहीसाठीं बोट दाखविण्याचें नव्हे.

शिष्यानें गुरूचें ऋण अवश्य मानावें. पण ऋण मानणें निराळें आणि बुद्धि गहाण ठेवणें निराळें.