शार्क, सुआरेझ आणि दीडशे नारळ

परवा शनिवारी मॅच संपायला रात्रीचा दीड वाजला. त्यानंतर आम्ही चौघं नेहमीच्या टपरीवर. मॅचबद्दल बोलण्यासारखं फार नव्हतं (0-0, आणि तेही रटाळ), त्यामुळे गाडी रुळावरून कधी घसरली ते कळलंच नाही. एकाने विचारलं, "शार्क नाव असलेली फुटबॉल टीम सांगा." झालं! पुढचा तासभर शार्क आणि फुटबॉल, फुटबॉल आणि शार्क.

उत्तर केप व्हर्दे. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमधली बेटं, लोकसंख्या साधारण सव्वापाच लाख, म्हणजे आपल्या पुण्याच्या दोन-तीन उपनगरांएवढी. टीमचं टोपणनाव 'निळे शार्क'. 13 ऑक्टोबर 2025 ला एस्वातिनीला 3-0 हरवून ही मंडळी पहिल्यांदाच वर्ल्डकपला पात्र ठरली. पण मला ह्यातला सगळ्यात आवडता किस्सा पिको लोपेसचा आहे. हा डिफेंडर जन्माने डब्लिनचा, वडील केप व्हर्देचे. 2018 मध्ये त्याला लिंक्डइनवर एक मेसेज आला, पोर्तुगीजमध्ये. त्याला वाटलं स्पॅम, सोडून दिला. नऊ महिन्यांनी तोच माणूस इंग्रजीत पुन्हा विचारतो, काय ठरवलंस? तो माणूस म्हणजे केप व्हर्देचा तेव्हाचा कोच! आमच्यातल्या एकाने लगेच मोबाईल काढून लिंक्डइनचे न वाचलेले मेसेज उघडले. सगळे रिक्रूटर निघाले. असो.

शार्क आणि फुटबॉल म्हटल्यावर लुइस सुआरेझ यायचाच. 24 जून 2014, नाताळ शहर, इटलीच्या किएलिनीच्या खांद्याला चावा. करिअरमधला तिसरा! आधी 2010 ला बक्काल, 2013 ला इवानोविच. फिफाने नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि वर चार महिने फुटबॉलबंदी ठोकली. नॉर्वेतल्या एका माणसाने तो चावणार ह्यावर 175 ला 1 ह्या भावाने पैज लावून जिंकलीही होती. आता ह्याला दूरदृष्टी म्हणायचं की डेटा बघून काढलेला निष्कर्ष?

आणि मग मी माझं हुकमाचं पान टाकलं. "शार्कमुळे जगात वर्षाला पाच-सहा माणसं मरतात. डोक्यात नारळ पडून दीडशे!"

हे वाक्य मी गेली आठ-नऊ वर्षं फेकतोय. कॉलेजात, ऑफिसात, ट्रेकला. दरवेळी टाळी मिळते. पण ह्या वेळी टपरीवाल्याने, चहा गाळता गाळता, विचारलं, "मोजलं कोणी?"

घरी येऊन शोधलं. शार्कचा आकडा बरोबर आहे. फ्लोरिडात हल्ल्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे. तिच्या हिशोबाने माणसाने न डिवचता झालेले हल्ले 2023 मध्ये 69 आणि मृत्यू 10, 2024 मध्ये 47 आणि 4. नारळाची गोष्ट मात्र मजेशीर. पीटर बार्स नावाच्या डॉक्टरने 1984 मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या एका हॉस्पिटलातल्या चार वर्षांच्या केसेसवर पेपर लिहिला. इजा होऊन दाखल झालेल्यांपैकी अडीच टक्के लोकांच्या अंगावर नारळ पडला होता. एक हॉस्पिटल, मूठभर पेशंट. त्या पेपरात जगभरात दीडशे असं कुठेही नाही. 2001 मध्ये बार्सला त्याबद्दल इग नोबेल मिळालं, 2002 मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रवास विमा कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात दीडशेचा आकडा झळकला, आणि तिथून तो जगभर. क्वीन्सलँडमध्ये तर किनाऱ्यावरचे माड काढले गेले. आपल्याकडेही नोव्हेंबर 2010 मध्ये ओबामा येणार म्हणून मुंबईत मणिभवनच्या आसपासच्या माडांवरचे नारळ उतरवले होते, आठवतंय?

म्हणजे जो आकडा मी आठ-नऊ वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालवत होतो, तो कधी टेस्टच झाला नव्हता :-)

आता तुम्ही म्हणाल, टपरीवरच्या गप्पा आहेत, एवढं काय? मलाही हेच म्हणायचं होतं. गप्पांना पुरावे मागायला लागलो तर चहा गार होईल. सुआरेझचा किस्सा दोन-चार सामने इकडे-तिकडे झाला तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण नारळवालं वाक्य गप्प करायला वापरलं जातं. कोणी समुद्राला घाबरलं की आपण ते तोंडावर मारतो, बघ, किती मूर्ख आहेस तू.

सुआरेझ जिथे चावला त्या नाताळपासून गाडीने चार-पाच तासांवर रेसिफे आहे. जर्मनीने अमेरिकेला 1-0 हरवलं ते तुफान पावसातलं 2014 चं गाव. तिथल्या बोआ व्हियाजेम बीचवर शार्कचं चित्र असलेल्या पाट्या आहेत, वर्ल्डकपच्या वेळीही होत्या. 1992 पासून त्या पट्ट्यात साठाहून अधिक हल्ले झालेत, वीसहून अधिक माणसं गेलीत. त्याआधी जवळजवळ काहीच नव्हतं. अभ्यासक बोट दाखवतात ते दक्षिणेला बांधलेल्या सुआपे बंदराकडे. बुल शार्कच्या माद्या जिथे पिल्लं घालायच्या त्या खाड्या आणि खारफुटी बंदराने बिघडवल्या, आणि शार्क वर शहराकडे सरकले. तिथल्या आईला 'जगाची सरासरी फक्त सहा' सांगून बघा. आणि दुसरी बाजू, 2013 मधला एक अंदाज सांगतो की माणूस वर्षाला दहा कोटी शार्क मारतो. ह्या दोन गोष्टी मला टपरीवर कोणी कधी सांगितल्या नाहीत. त्यांच्यावर टाळी येत नाही, हेच कारण असावं.

माझं आजोळ मालवणकडचं. तिथे शार्क म्हणजे मोरी, आणि मोरीचं मटण म्हणजे काय हे खाल्लेल्यालाच ठाऊक. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी हेच दीडशेवालं वाक्य मामाच्या अंगणात फेकलं होतं. सगळे हसले, मामा हसला नाही. "नारळ खंय पडता माणसार? माणूसच पडता माडावरसून," एवढंच म्हणाला. मी तेव्हा ते गावठी विनोद म्हणून सोडून दिलं.

शनिवारचं शोधून झाल्यावर रविवारी सकाळी त्याला फोन केला. मग कळलं, आमच्याकडे वर्षानुवर्षं नारळ काढायला येणारा पाडेली त्याच वर्षी मार्चमध्ये पडला होता. कंबरेतून गेला. मी अंगणात बसून जोक मारत होतो तेव्हा तो दोन घरं पलीकडे खाटेवर होता. त्याच्या हातचं शहाळं मी लहानपणापासून प्यायलोय.

मामाला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "तू आकडो सांगी होतस मां."