किल्ली ठेवून जा

मोठ्या कंपन्यांना एक विद्या चांगली साधलेली असते. वाईट बातमी अशा भाषेत सांगायची, की ऐकणाऱ्याला घटकाभर आपलं अभिनंदनच चाललंय असं वाटावं. लोक वर्षानुवर्षं एखादं सॉफ्टवेअर वापरत असतात. त्यावर चित्रं काढतात, पुस्तकांची पानं लावतात, पोटं भरतात. आणि एके दिवशी एक पत्र येतं. तुमच्या प्रेमाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत, आमच्या वाटचालीत आता एक नवा रोमांचक टप्पा सुरू होत आहे, वगैरे वगैरे. इथवर वाचून माणूस खूश होतो. तिसऱ्या परिच्छेदात कळतं, की रोमांचक टप्पा कंपनीचा आहे आणि आपल्याला मात्र याच स्टॉपवर उतरायचंय. या प्रकाराला त्या लोकांत 'सनसेट' म्हणतात. सूर्यास्त! आमच्या बँकेत एखादं खातं बंद झालं तर त्यावर 'खाते बंद' असा जांभळ्या शाईचा शिक्का मारतात, आणि तोही अर्धाच उमटतो. पण त्यात आम्ही सूर्याला ओढत नाही. शिवाय सूर्य दुसऱ्या दिवशी उगवतो, हेही या मंडळींनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, या विषयावर बोलायचा तुम्हाला अधिकार काय? बरोबर आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत न बघता म्हणायचं असतं, इतकंच मला संगणकातलं कळतं. पण माझं म्हणणं असं, की हा विषय संगणकाचा नाहीच. हा ठेवीचा विषय आहे. आणि ठेव या विषयात मी वीस वर्षं खुर्ची झिजवली आहे.

सुरुवात 'पेंट'पासून करू, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक यादी काढली. विंडोजमधल्या कुठल्या गोष्टी आता निकालात निघणार, याची. त्यात पेंटचं नाव! १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून बरोबर असलेलं पेंट. जगभर गलका झाला. लोकांनी पेंटमध्येच वेडीवाकडी चित्रं काढून पेंटला श्रद्धांजल्या वाहिल्या. यावर शहाणी माणसं हसली. (शहाणी माणसं प्रत्येक ऑफिसात दोन तरी असतात. आमच्याकडे तीन आहेत.) त्यांचं म्हणणं, पेंट म्हणजे काय हो, पोरांनी दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी काढायची. त्यासाठी मोठ्या माणसांनी गळे काढायचे?

या शहाण्यांना मी हॅल लास्को यांची गोष्ट सांगतो. हे अमेरिकेतले एक गृहस्थ. अक्षरं घडवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले. उतारवयात डोळ्यांचा विकार जडला आणि नजर अधू होत गेली. घरच्यांनी त्यांना पेंट दाखवलं. पेंटमध्ये चित्र हवं तितकं मोठं करून एकेक ठिपका रंगवता येतो. झालं, आजोबा ठिपक्यामागून ठिपका रंगवत बसले. त्यांची चित्रं लोकांनी पाहिली, त्यांच्यावर छोटा माहितीपट निघाला. २०१४ साली, ९८ व्या वर्षी ते गेले. आता त्यांना नव्वदीत कुणी सांगितलं असतं, की आजोबा, हे बंद झालं, तुम्ही नवीन शिका, तर त्या सल्ल्याला काय म्हणायचं? मला तरी छापण्याजोगा शब्द सुचत नाही.

पेंटचं नशीब मात्र थोर. ओरडा ऐकून कंपनीने लगेच खुलासा केला, की ते फुकट मिळत राहील. पुढे २०१९ मध्ये ते विंडोजमध्येच ठेवायचं ठरलं. आणि त्याच्या जागी जे बसणार होतं ते 'पेंट थ्रीडी' नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या दुकानातून उचललं गेलं. म्हणजे म्हाताऱ्या हेडक्लार्कच्या खुर्चीवर बसायला आलेल्या तडफदार तरुणाचीच उचलबांगडी झाली, आणि म्हातारा अजून खुर्चीत पान लावतो आहे.

फ्रीहँडचं असं झालं नाही. ही गोष्ट मी एकदा डबे खाताना सांगितली, तेव्हा कर्ज विभागातले दोघेजण घास हातात धरून ऐकत राहिले होते. फ्रीहँड म्हणजे रेघांची, वळणांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. ते बनवलं अल्टसिस कंपनीने आणि विकत असे अल्डस कंपनी. त्याला बाजारात तोलामोलाचा प्रतिस्पर्धी एकच, अडोबी कंपनीचं इलस्ट्रेटर. १९९४ मध्ये अडोबीने अल्डस कंपनीच विकत घेतली. तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हटकलं, की थांबा, दोन्ही मल्ल एकाच तालमीत गेले तर कुस्ती कोण बघणार? फ्रीहँड मूळ मालकाला परत करा आणि दहा वर्षं त्याच्याकडे बघू नका. फ्रीहँड परत गेलं. पुढे अल्टसिसला मॅक्रोमीडियाने घेतलं, फ्रीहँड तिथे नांदू लागलं. आणि २००५ मध्ये, दहा वर्षं उलटल्यावर, अडोबीने अख्खी मॅक्रोमीडियाच घेतली! आमच्या गिऱ्हाइकांना मुदत ठेवीची तारीख इतकी नेमकी लक्षात राहिली, तर आमचं निम्मं काम कमी होईल. या वेळी कुणी हटकलं नाही. २००७ मध्ये जाहीर झालं, की फ्रीहँडची नवी आवृत्ती निघणार नाही, आपण इलस्ट्रेटर वापरावं.

फ्रीहँडवाले नुसते रडत बसले नाहीत, ही मला आवडलेली गोष्ट. त्यांनी 'फ्री फ्रीहँड' नावाची संघटना काढली आणि २०११ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अडोबीला कॅलिफोर्नियातल्या कोर्टात खेचलं. २०१२ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. फ्रीहँड काही परत आलं नाही. पण चित्रकार माणसं वकिलाकडे गेली, फाइली केल्या, तारखा घेतल्या. ज्यांनी चित्रकारांना वीजबिल वेळेवर भरताना पाहिलेलं नाही, त्यांना यातलं शौर्य कळायचं नाही.

शहाण्यांचा यावरचा युक्तिवाद ठरलेला आहे. बदल हा जगाचा नियम आहे, जुनं जाणार, नवं येणार, तुम्ही जुन्यालाच कवटाळून बसता. मी विचारतो, हे कुणाला सांगताय? खातेवह्या ओढणाऱ्या पिढीनंतर आम्ही आलो. कोअर बँकिंग शिकलो, नोटबंदी झेलली, आता साहेब सांगतात म्हणून गिऱ्हाइकांना विमाही विकतो. बदलाला आम्ही भीत नाही, बदल आम्हाला भितो. पण एक लक्षात घ्या. खातेवह्या गेल्या म्हणजे काय झालं? त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. ठराविक वर्षांचं रेकॉर्ड आम्हाला सांभाळावंच लागतं. ती काढली, धूळ झटकली, चार शिंका दिल्या, की वाचता येते. ती वाचण्यासाठी वही छापणाऱ्या कारखान्याची परवानगी लागत नाही. कारखाना बुडाला म्हणून वहीतली शाई उडत नाही.

सॉफ्टवेअरचं नेमकं इथेच वेगळं आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात हे तुम्हाला माहीत असेल. एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. तुम्ही काढलेलं चित्र, लावलेलं पान हे असंच लॉकरमध्ये असतं. फाइल तुमच्या घरात, तुमच्या कपाटात. पण दुसरी किल्ली कंपनीच्या खिशात. आणि कंपनी सूर्यास्ताकडे चालू लागते ती किल्ली खिशात घेऊनच.

आपल्याकडे हे पेजमेकरच्या बाबतीत बघावं. १९८५ साली अल्डसने ते काढलं. व्हेनिसच्या जुन्या मुद्रकावरून, अल्डस मान्युशियसवरून, कंपनीने नाव घेतलेलं. म्हणजे तेव्हा तरी या लोकांना जुन्याची चाड होती. आपल्याकडे ते पोचलं आणि खिळे जुळवणारे छापखाने बघता बघता 'डीटीपी सेंटर' झाले. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आणि पेजमेकर. या जोरावर लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कवितासंग्रह, निवडणुकीची पत्रकं, उठावण्याचे निरोप, सगळा महाराष्ट्र छापून निघाला. २००४ मध्ये पेजमेकरचं काम थांबलं. त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाइल उघडायची सोय होती, तीसुद्धा २०१२ च्या सीएस-सिक्सपर्यंत. त्यापुढच्या आवृत्त्यांतून ती काढून टाकली. मराठीला तर तिसरी किल्लीही लागते. त्या जुन्या फॉन्टांत आपल्याला 'क' दिसतो तिथे फाइलमध्ये भलतंच काहीतरी चिन्ह असतं. तो फॉन्ट हजर नसेल, तर चि. सौ. कां.ची पत्रिका उघडते ती अक्षरांची मिसळ होऊन. म्हणून अजूनही कित्येक छोट्या छापखान्यांत कोपऱ्यात एक जुनं मशीन जपून ठेवलेलं असतं. इंटरनेटला जोडायचं नाही, अपडेट करायचं नाही, त्यावर चहा ठेवायचा नाही. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ त्याला. लोकांना ही अंधश्रद्धा वाटते. मला तो विम्याचा हप्ता वाटतो.

आमच्या गणेश मंडळाचाच अनुभव सांगतो. यातला प्रोग्राम या लेखात आलेल्यांपैकी नव्हे आणि त्याचं नाव मी घेणार नाही, तेव्हा कुणी अंदाज बांधत बसू नये. मंडळाला १९९९ मध्ये पंचवीस वर्षं झाली तेव्हा चौसष्ट पानी स्मरणिका काढली होती. कॉलेजात होतो, प्रुफं मी तपासली होती. २०२४ मध्ये पन्नास झाली. सुवर्णमहोत्सवी अंकात जुन्यातला निवडक मजकूर घ्यावा असं ठरलं, कारण त्या अंकात मंडळाच्या संस्थापकांचे लेख होते आणि आता त्यातलं कुणी उरलेलं नाही. शोधाशोध केली. छापील अंक एकच सापडला, खजिनदारांच्या माळ्यावर, आणि त्याला वाळवी लागलेली. फाइलींची सीडीसुद्धा मिळाली, प्लॅस्टिकच्या डबीत, अगदी नवीकोरी. वाळवीने अंकाचा चौथा हिस्सा खाल्ला होता, उरलेले तीन वाचता येत होते. सीडीला कशानेही स्पर्श केला नव्हता आणि तिच्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"साहेब, फाइल चांगली आहे," आमचे डीटीपीवाले काका म्हणाले. "पण हिला ओळखणारं आता कुणी राहिलं नाही."

मी बँकेतला माणूस. मला हे पटत नाही ते याचसाठी. आमच्याकडे दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव असेल, तर २०१४ पासून ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी असं त्याचं लांबलचक नाव. पण ठेव तिथे गेली म्हणजे बुडाली नाही. ठेवीदाराने किंवा त्याच्या वारसाने नंतर कधीही यावं, कागद दाखवावेत, पैसे घेऊन जावं. कागद दाखवताना त्याचे केस पिकतील हे कबूल, तरी देतो. मेलेल्या माणसाचे तीनशे चाळीस रुपये आम्ही गिळू शकत नाही, आणि जिवंत माणसाची वीस वर्षांची चित्रं कंपनीने कुलपात ठेवून निघून जावं?

यावर कंपन्या म्हणतात, आम्ही जन्मभर फुकट राबायचं का? मुळीच नाही. शाखा तोट्यात असेल तर आम्हीही बंद करतो. पण आधी नोटीस लावतो आणि लॉकरवाल्यांना बोलावून ज्याचं त्याला देतो. इथेही तेवढंच करा. फाइल कशी वाचायची ते लिहून ठेवा. शेवटची आवृत्ती परवानगी न विचारता चालेल अशी करून सोडा. नाहीतर सगळी आतली मांडणीच खुली करा, ज्याला गरज असेल तो चालवील. फ्लॅशच्या वेळी, २०१७ मध्ये तो बंद होणार हे कळल्यावर, लोकांनी हीच मागणी करणारा अर्ज केला होता. तो मान्य झाला नाही. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश स्वतःच काही दाखवायला नकार देऊ लागला. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे फॉर्म त्यात अडकले, तेव्हा त्या खात्याने फॉर्म उघडण्यासाठी स्वतःचा ब्राउझर काढला! कर खात्याला ते परवडतं. आमच्या मंडळाची शिल्लक मला ठाऊक आहे.

आणि हे होऊ शकत नाही असं कुणी सांगू नये, कारण झालेलं आहे. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. त्याचे कर्ते टॉन रोझेंडाल यांनी पैसा लावणाऱ्यांना विचारलं, किल्लीची किंमत काय? एक लाख युरो. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत वर्गणी काढून ती रक्कम उभी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्लेंडर सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच ब्लेंडरवर लाटव्हियात बनवलेल्या 'फ्लो' या मांजराच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. वर्गणी गोळा करण्यात आमच्या मंडळाचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. पण किल्ली विकायला ठेवणारा तरी कुणी भेटायला हवा ना!

तूर्त आमच्या स्मरणिकेचं काम हाताने चाललं आहे. सुवर्णमहोत्सवी अंक जुन्या मजकुराशिवायच निघाला. पण पुढच्यांसाठी तरी हे टिकावं म्हणून वाळवीने सोडलेला मजकूर पुन्हा टाइप करायचं ठरलं, आणि 'तुमची बोटं बसलेली आहेत' या कारणास्तव ते माझ्या गळ्यात पडलं. एकतीस पानं झाली. बत्तिसाव्यापासून जाहिराती आहेत. किराणा भुसार, एक टेलर, एक फोटो स्टुडिओ, कॅसेटचं दुकान. निम्मी दुकानं कधीच उठली. मी अध्यक्षांना फोन केला, म्हटलं, दादा, जाहिराती गाळू का?

"गाळू का म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले. "पैसे भरले होते त्यांनी!"