‘सॉरी’ने भागत नाही, भाऊ!

आपल्या गोंदियातल्या धान पिकवणाऱ्याला ‘माफ’चा अर्थ समजवायची गरज नाही. 2017 ची कर्जमाफी दीड लाखापर्यंतची: म्हणजे देणं होतं, ते सोडलं. शब्द मूळचा अरबी, आणि अर्थ हाच, सूट.

मग ग्राहकाला ‘माफ करा’ म्हणता, तेव्हा त्याच्याकडे सूटच मागता ना? वर काही देता का? दारावरच्या भिकाऱ्यालाही आपण ‘माफ करा’ म्हणूनच पुढे धाडतो. ग्राहकाला तो सूर बरोबर कळतो. (पाटीवरचं ‘तसदीबद्दल क्षमस्व’ तर कोणी वाचतही नाही.)

माझं मत स्पष्ट आहे. तांदळाच्या कट्ट्यात खडे निघाले, तर आधी कट्टा बदलून द्या, ‘सॉरी’ नंतर म्हणा. वजन कमी भरलं असेल, तर फरकाचे पैसे त्याने मागायच्या आत फोनपे करा.