कोंबडीच्या खाद्यांतील विकरें आणि पोत्यावरील चिठ्ठी

मांसासाठीं कोंबड्या वाढविण्याचा जोडधंदा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पत्करला आहे, व त्यांतील बहुतेकांस पिल्लें, खाद्य व औषध हीं तिन्हीं कंपनीकडून करारानें मिळतात. या खाद्यांत हल्लीं विकर, म्हणजे व्यापारी ज्यास एन्झाइम म्हणतात तें, मिसळण्याचा प्रघात आहे. त्यानें कोंबडी निरोगी राहते, अशी जाहिरात सर्वत्र ऐकूं येते. ती सर्वस्वीं खोटी नाहीं; परंतु तींत अर्धीच गोष्ट सांगितली जाते, व उरलेल्या अर्ध्या गोष्टीचा तोटा शेतकऱ्याच्या पदरीं येतो, असें माझें मत आहे.

मका व सोयाबीनची पेंड हा आपल्याकडील खाद्याचा मुख्य आधार होय. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश स्फुरद फायटिक आम्लांत जखडलेला असतो. तो मोकळा करण्याचें सामर्थ्य कोंबडीच्या पोटांत फार थोडें. म्हणून तो बहुतांशीं विष्ठेवाटे वायां जातो. फायटेज नांवाचें विकर तो मोकळा करतें. नेदरलंड्समध्यें १९९१ सालीं तें प्रथम विक्रीस आलें, व तेथून सर्वत्र पसरलें.

आतां मुद्द्याची गोष्ट. कारखानदार हें विकर केवळ वरकड म्हणून घालीत नाहीं. त्याच्या भरंवशावर तो खाद्यांतील डायकॅल्शियम फॉस्फेट हा महाग पदार्थ तितकाच कमी करतो. या हिशेबांत लबाडी नाहीं. परंतु विकर हें प्रथिन असल्यामुळें उष्णतेनें निकामी होतें, आणि पेलेट पाडतांना वाफेनें खाद्य ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतें. ती धग सोसणारें लेपित विकर न वापरल्यास, अथवा पोतीं पत्र्याच्या छपराखालीं उन्हाळाभर पडून राहिल्यास, विकर गेलें, आणि स्फुरद तर आधींच कमी केलेला! सहा आठवड्यांच्या आंत दोन किलोंवर जाणाऱ्या पांखराच्या हाडांस हें कसें सोसावें? त्यास मुडदूस होतो, तें लंगडतें, खाद्याच्या भांड्यापर्यंत पोंचत नाहीं. कंपनीचा देखरेख्या म्हणतो, तुमची व्यवस्था वाईट. आणि मरतूक व वाढलेला खाद्यखर्च शेतकऱ्याच्या नांवें लिहिला जातो.

झायलनेज व बीटा-ग्लुकनेज हीं विकरें निराळ्या कामाचीं. युरोपांत व कॅनडांत गहू व जव चारतात. त्यांतील चिकट द्रव्यानें विष्ठा लिबलिबित होते, तुसाची गादी ओली राहते, तळपायांस फोड येतात. तेथें या विकरांचा गुण स्पष्ट दिसतो. आपल्या मक्याच्या खुराकांत तसलें द्रव्य थोडें. मका महाग झाला म्हणून गहू वाढविला असेल तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघानें वाढीसाठीं चारावयाचीं प्रतिजैविकें १ जानेवारी २००६ पासून बंद केलीं, व आपल्या सरकारनें २०१९ मध्यें कोलिस्टिनवर बंदी घातली, तेव्हांपासून त्यांच्या जागीं विकरें पुढें केलीं जातात. त्यांनीं पचन सुधारतें. परंतु तीं औषध नव्हेत.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना एक शिस्त माझ्या अंगीं बाणली: ज्या आंकड्यावर एखाद्याचें देणें ठरतें, तो आंकडा त्यास पाहावयास मिळाला पाहिजे. खातेदारास सात-बाराचा उतारा मागतां येतो. खाद्याच्या पोत्याचा उतारा कोणीं मागावा? म्हणून प्रत्येक पोत्यावर विकराचें नांव, पेलेट पाडल्यानंतर दर किलोस त्याचीं किती एककें उरलीं हें, व खाद्य तयार केल्याची तारीख छापावी. फायटेज मोजण्याच्या एककास एफटीयू म्हणतात, व किलोस ५०० हें नेहमींचें प्रमाण आहे. कंपनी म्हणेल, हें धंद्याचें गुपित. पण आम्ही कृति मागत नाहीं, शिल्लक मागतों.

तोंपर्यंत प्रत्येक खेपेच्या खाद्यांतील एक किलो नमुना देखरेख्याच्या सहीनिशीं मोहोरबंद करून, हिशेब मिटेपर्यंत थंड व कोरड्या जागीं ठेवावा. पांखरें इतर कारणांनींही लंगडतात. खरें कारण नमुन्याच्या तपासणींतूनच निघेल. एकट्यादुकट्यानें हा आग्रह धरल्यास पुढील खेप शेजाऱ्याच्या शेडांत जाईल, हें मी जाणून आहें. यास्तव हें कलम संस्थेनेंच सर्व सभासदांच्या वतीनें करारांत घालण्यास सांगावें. येत्या बैठकींत तें मांडावयाचें असल्यास मसुदा लिहून देण्यास मी तयार आहें.