इंग्लंडच्या गावात चर्चला फारसं कोणी जात नाही, पण ते बंद करायचं म्हटलं की अख्खं गाव उठतं. असं का?

इंग्लंडच्या खेड्यांचे रील्स तुमच्या फोनवर येतच असतील. दगडी घरं, खिडकीत फुलं, मधोमध हिरवळ आणि या सगळ्याच्या मागे चौकोनी मनोऱ्याचं जुनं चर्च. ‘डाउनटन ॲबी’ मालिकेत ज्या चर्चमध्ये लग्नं लागतात, ते ऑक्सफर्डशायरमधल्या बॅम्प्टन गावचं सेंट मेरी चर्च. मालिका बघून लोक आजही तिथे फोटो काढायला जातात.

पण बॅम्प्टनसारखं नशीब सगळ्या गावांचं नसतं. साध्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी सकाळी गेलात, तर आत दहा-पंधरा माणसं दिसतील. बहुतेकांचे केस पांढरे. कधी कधी तर दार उघडं असतं, पण प्रार्थनाच नसते. कारण व्हिकर, म्हणजे तिथले धर्मगुरू, त्या रविवारी तिसऱ्याच गावात असतात.

आता गंमत बघा. याच गावात ‘चर्च बंद होणार’ अशी नुसती कुणकुण लागली, तरी सभा भरतात, पत्रं लिहिली जातात, निधीसाठी धावण्याच्या शर्यती ठेवल्या जातात. त्यात असेही लोक असतात ज्यांनी चर्चमध्ये शेवटचं पाऊल कोणाच्या तरी अंत्यविधीला टाकलेलं असतं.

हा ढोंगीपणा आहे का? तसं वाटू शकतं. पण मामला त्यापेक्षा जरा गुंतागुंतीचा आहे, आणि त्याची सुरुवात एका शब्दापासून होते. तो शब्द म्हणजे पॅरिश.

पॅरिश म्हणजे चर्चच्या हिशोबाने आखलेली गावाची शीव. चर्च ऑफ इंग्लंड हे तिथलं अधिकृत, राजमान्य चर्च. त्यामुळे इंग्लंडमधली जवळपास प्रत्येक इंच जमीन कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये येते. त्या शिवेच्या आत राहणारा माणूस श्रद्धाळू असो, नास्तिक असो, चर्चची पायरी कधी न चढलेला असो, त्याला काही हक्क आपोआप मिळतात. दफनभूमीत जागा शिल्लक असेल, तर तिथे पुरलं जाण्याचा हक्क. घटस्फोटासारखे काही अपवाद सोडले, तर त्या चर्चमध्ये लग्न करण्याचा हक्क. यासाठी सदस्य व्हावं लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही.

म्हणजे हक्क सगळ्या गावाचा. मग बिल कोणाचं?

एकेकाळी तेही सगळ्या गावाचंच होतं. शेतातल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागायचा, त्याला टाइद म्हणत. १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी पैसे आले आणि त्या व्यवस्थेचं शेवटचं शेपूट थेट १९७७ मध्ये कापलं गेलं. शिवाय इमारतीच्या दुरुस्तीसाठी ‘चर्च रेट’ नावाची सक्तीची पट्टी होती. गावातले मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, क्वेकर यांना ही पट्टी अजिबात मान्य नव्हती. आमचं चॅपेल वेगळं, मग तुमच्या छपराचे पैसे आम्ही का भरायचे? प्रश्न रास्त होता. शेवटी १८६८ मध्ये संसदेने सक्ती काढून टाकली.

न्याय झाला, पण एक भोक राहिलं ते राहिलंच. हक्क गावाकडे राहिले आणि खर्च जे चर्चला जातात त्यांच्या खिशावर आला. तेव्हा जाणारे भरपूर होते, म्हणून कळलं नाही. आता कळतंय.

शेजारच्या देशांनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानंतर जुन्या पॅरिश चर्चच्या इमारती स्थानिक नगरपालिकांच्या, म्हणजे कम्यूनच्या मालकीच्या झाल्या. छप्पर गळलं तर महापौराने बघायचं. जर्मनीत चर्चचे नोंदणीकृत सदस्य प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्च कर भरतात, आणि तो सरकारच गोळा करून देतं. इंग्लंडमध्ये यातलं काहीच नाही. राजाचं चर्च आहे म्हणून सरकार ते चालवत असेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

आकडे बघितले की ओझं किती आहे ते समजतं. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्च आहेत. इंग्लंडमधल्या सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे ग्रेड वन संरक्षित वास्तूंपैकी सुमारे ४५ टक्के ही चर्चच आहेत. २०१५ साली चर्चने स्वतःच्या इमारतींचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की ५७ टक्के चर्च ग्रामीण भागात आहेत आणि तिथे राहतात फक्त १७ टक्के लोक. दुसरीकडे २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याखाली आले. २०११ ला ५९.३ टक्के होते, ते ४६.२ टक्के झाले. ‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे ३७.२ टक्के. आठवड्याची सरासरी हजेरी २०१९ मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास होती, कोविडनंतर ती सात लाखांच्या घरात अडकली आहे.

हे झालं देशाचं. आता एका गावाचा हिशोब करू, कारण खरा ताण तिथे आहे.

गावातल्या चर्चचा कारभार पॅरोकियल चर्च कौन्सिल नावाची समिती बघते. सगळे बिनपगारी. खजिनदार बहुतेक वेळा एखादे निवृत्त गृहस्थ किंवा बाई. त्यांना आधी ‘पॅरिश शेअर’ची सोय करावी लागते, म्हणजे व्हिकरच्या पगारासाठी आणि इतर खर्चासाठी वरच्या डायोसीसला द्यायचा वाटा. मग विमा, वीज, हीटिंग. सातशे वर्षं जुनी दगडी इमारत थंडीत गरम करणं म्हणजे पैसे जाळणंच. मग छप्पर. जुन्या छपरांवर शिशाचे पत्रे असतात, आणि शिशाला भंगारात चांगला भाव मिळतो. रात्रीतून अख्खं छप्पर चोरीला गेल्याच्या घटना तिथे वारंवार घडतात. आडगावातलं चर्च, आजूबाजूला वस्ती नाही, चोरांना आणखी काय हवं?

बरं, दुरुस्ती मनात आली म्हणून करता येत नाही. लाकडी बाकं हलवायची असोत की आत शौचालय बांधायचं असो, चर्चच्या स्वतःच्या परवानगी यंत्रणेकडून ‘फॅकल्टी’ घ्यावी लागते. (हो, कित्येक जुन्या चर्चमध्ये आजही शौचालय नाही आणि नळही नाही.) त्यात छपरात वटवाघळं निघाली, तर काम आणखी लांबतं, कारण ब्रिटनमध्ये वटवाघळांना कायद्याने संरक्षण आहे. म्हणजे खालच्या प्रार्थनेला दहा जण, वरच्या छपरात शंभर वटवाघळं, आणि कायदा भक्कमपणे वरच्यांच्या बाजूने!

या सगळ्यात एक आधार होता. संरक्षित प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीवर भरलेला २० टक्के व्हॅट परत देणारी सरकारी योजना, २००१ पासून सुरू असलेली. २०२५ च्या जानेवारीत सरकारने तिला फक्त २०२६ च्या मार्चपर्यंत मुदतवाढ दिली, पण एका वास्तूला वर्षाला जास्तीत जास्त २५,००० पौंड अशी मर्यादा घातली आणि एकूण तरतूदही कमी केली. याचा साधा अर्थ असा की सव्वा लाख पौंडांपर्यंतच्या कामाचा व्हॅट परत मिळणार होता, त्यापुढचा नाही. मोठ्या छपराचं काम सव्वा लाखात होत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं केक विकून निधी जमवला, त्यांच्या अंदाजपत्रकात एका फटक्यात मर्यादेपुढच्या खर्चाच्या पाचव्या भागाइतकी भर पडली.

गावची पंचायत मदत करू शकत नाही का? हा किस्सा ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये आपल्या ग्रामपंचायतीसारखी ‘पॅरिश कौन्सिल’ असते. नावात पॅरिश असलं, तरी तिचा चर्चशी संबंध नाही. १८९४ च्या कायद्याने या पंचायती निर्माण झाल्या, त्याच मुळात चर्च आणि गावचा कारभार वेगळे करण्यासाठी. त्याच कायद्यातल्या एका कलमाचा अर्थ असा लावला जायचा की पंचायतीने चर्चच्या मालमत्तेवर खर्च करायचा नाही. नंतरचे कायदे वेगळं सुचवत होते, पण वाद नको म्हणून अनेक पंचायती हात आखडता घ्यायच्या. अखेर २०२३ च्या एका कायद्यात स्पष्ट केलं गेलं की ते जुनं कलम आड येत नाही. एवढं साधं वाक्य लिहायला १२९ वर्षं लागली.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. जे जात नाहीत, त्यांना चर्च कशाला हवं?

हेरफर्डशायरमधलं यारपोल गाव बघा. २००४ मध्ये गावातलं दुकान बंद पडलं. गावकऱ्यांनी पबच्या आवारात एका तात्पुरत्या केबिनमध्ये स्वतःचं दुकान सुरू केलं, आणि २००९ मध्ये ते थेट सेंट लेनर्ड चर्चमध्ये हलवलं. आत दुकान, पोस्ट, वर सज्जात कॅफे, आणि वेदीच्या बाजूला प्रार्थना. दूध आणायला गेलेला माणूस चर्चमध्ये उभा असतो. त्याच भागातल्या पीटरचर्च गावाने आपल्या चर्चमध्ये वाचनालय आणि कॅफे आणला. नॉर्विच डायोसीसने तर चर्चच्या मनोऱ्यांवरून खेड्यांना इंटरनेट दिलं, आणि २०१८ मध्ये अशा कामासाठी चर्च ऑफ इंग्लंडने सरकारशी करारही केला.

यामागचं कारण सरळ आहे. इंग्लंडच्या खेड्यातून बँकेची शाखा गेली, पोस्ट गेलं, बसच्या फेऱ्या कमी झाल्या, पब बंद पडले. घरांच्या किमती वाढल्याने तरुण बाहेर गेले आणि शहरातले निवृत्त लोक राहायला आले. चार माणसांनी एका छपराखाली बसावं अशी जागा कित्येक गावांत चर्चशिवाय उरलीच नाही. शाळा असेल, तर बऱ्याचदा तीही चर्चशी जोडलेली असते. पोपीचं फूल लावून नोव्हेंबरमध्ये युद्धातल्या मृतांना आदरांजली वाहायची, तर नावांची पाटी चर्चच्या भिंतीवर. आजोबांची कबर आवारात. गाव देवासाठी नाही, पण गावपणासाठी चर्चला धरून आहे.

पण माझं मत विचाराल तर इथे गावकऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. सभेत टाळ्या वाजवणारे किती जण महिन्याला पाच पौंड देतात? चर्चपासून वेगळी ‘फ्रेंड्स’ मंडळं अनेक गावांत निघाली आहेत. त्यात नास्तिकही असतात, आणि पैसे फक्त इमारतीसाठी वापरले जातात. जिथे हे जमलं तिथे छपरं टिकली. जिथे नाही, तिथे ओझं त्याच सात-आठ वृद्ध माणसांच्या खांद्यावर आहे, आणि ती दमली आहेत.

वरच्या पातळीवर भांडण वेगळं आहे. २०२१ मध्ये लेस्टर डायोसीसने आपल्या दोनशेहून जास्त पॅरिशची मोट बांधून वीस-पंचवीस मोठे गट करायचं ठरवलं. कारण व्हिकर पुरत नाहीत, पैसे पुरत नाहीत. त्याच वर्षी ‘सेव्ह द पॅरिश’ ही चळवळ उभी राहिली. त्यांचं म्हणणं, तुम्ही पगारी धर्मगुरू कमी करता, म्हणून लोक येत नाहीत, आणि लोक येत नाहीत म्हणून आणखी कमी करता. ते चर्चच्या केंद्रीय निधीकडे बोट दाखवतात. चर्च कमिशनर्सकडे दहा अब्ज पौंडांहून जास्त मालमत्ता आहे, म्हणजे एक लाख कोटी रुपयांहून अधिक. एवढं असताना गावच्या गटारीसाठी केक का विकायचे? कमिशनर्सची बाजू अशी की या पैशातून १९९८ आधीच्या सेवेची पेन्शन, बिशप, कॅथेड्रल आणि गरीब भागातली कामं चालतात, आणि मूळ भांडवल खाल्लं तर पुढच्या पिढीला काही उरणार नाही. दोघांचंही थोडं खरं आहे. पण खेड्यातल्या खजिनदाराला या वादाचा तूर्त काहीच उपयोग नाही.

आणि सक्ती परत आणावी, तर काय होतं तेही लोकांनी पाहिलंय. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कॅन्टलो गावी एका शेतकरी दाम्पत्याच्या जमिनीवर मध्ययुगीन बोजा निघाला. चर्चच्या वेदीकडच्या भागाची दुरुस्ती त्या जमिनीच्या मालकाने करायची, असा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, २००३ मध्ये ते हरले, आणि दुरुस्ती व वकिलांचा खर्च भागवायला २००९ मध्ये त्यांना शेत विकावं लागलं. त्यानंतर असा बोजा कोणाच्या माथी मारायची गोष्ट गावातली समिती सहसा काढत नाही. शेजाऱ्यावर दावा लावून छप्पर दुरुस्त होईलही, पण मग त्याखाली बसायला कोण येणार?

सगळे उपाय थकले की २०११ च्या चर्च कायद्यानुसार बंद करण्याची प्रक्रिया सुरू होते. मसुदा तयार होतो, त्याची नोटीस चर्चच्या दारावर लागते आणि हरकतींसाठी किमान २८ दिवस मिळतात. हरकत घ्यायला चर्चला जाणारं असण्याची अट नाही. पत्रं येतात, कधी ढीगभर. हरकती टिकल्या नाहीत, तर इमारतीचं घर होतं, सभागृह होतं किंवा ती साडेतीनशेहून जास्त चर्च सांभाळणाऱ्या चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्टसारख्या संस्थेकडे जाते. या ट्रस्टच्या काही चर्चमध्ये आता पर्यटक पैसे देऊन रात्री झोपतात, त्याला ‘चॅम्पिंग’ म्हणतात. बाकांच्या मधे खाट, सोबत कंदील, आणि बाहेर गावाची दफनभूमी.