हमदर्दी पुरे, हिशेब द्या

आमच्याविषयी कुणाच्या पोटात किती माया आहे, हे मोजण्यात मुसलमान लेखकांनी आता वेळ घालवू नये. ईदच्या आदल्या आठवड्यात शांतता समितीची बैठक, शाल-श्रीफळ, भाईचाऱ्यावर भाषण, वर शिरखुर्म्याची तारीफ. हे सारे चांगलेच आहे. पण भाषण करणारा साहेब ज्या संस्थेत बसतो, तिच्यात आमची तक्रार नोंदवली जाते का? भरतीत आमची पोरे कुठल्या टप्प्यावर गळतात? हे विचारले की चेहरे उतरतात.

दोन अहवाल शेजारी ठेवून पाहा. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या एल्थम भागात बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या टोळक्याने भोसकून मारले. पोलीस आले, पण रक्तात पडलेल्या मुलावर त्यांनी प्रथमोपचार केले नाहीत. सोबतचा मित्र स्वतः हल्ल्यातून वाचलेला. त्याच्याकडेच त्यांनी संशयाने पाहिले. मारेकऱ्यांची नावे लोकांनी लगेच कळवली, तरी पहिली अटक व्हायला दोन आठवडे लागले. आई-बाप चार वर्षे झगडले, तेव्हा कुठे १९९७ मध्ये सरकारने चौकशी नेमली. निवृत्त न्यायमूर्ती विल्यम मॅकफर्सन यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल दिला. एकेका शिपायाला राक्षस ठरवण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. वर्णद्वेष संस्थेच्या सवयीत मुरलेला आहे, घरी सभ्य असलेली माणसेही ठाण्यात येऊन तोच चालवतात, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. शिफारशी ७०. आणि २००० मध्ये कायदा झाला: पोलिसांसकट सरकारी संस्थांनी भेदभाव टाळायचाच, शिवाय समानता वाढवण्याचे काम कर्तव्य म्हणून करायचे. भरती आणि बढतीत कोण किती, याच्या नोंदी ठेवणे पुढे बंधनकारक झाले. स्टीफनच्या दोन मारेकऱ्यांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडले, आणि २०२३ च्या केसी अहवालाने लंडनच्या पोलिसांवर तोच ठपका पुन्हा ठेवला, हेही खरे. पण ठपका ठेवायला मोजमाप तरी आहे.

आता आपला अहवाल. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली; ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि अनोळखी. न्या. श्रीकृष्ण यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये, म्हणजे मॅकफर्सन यांच्या एक वर्ष आधी, अहवाल दिला. पोलिसांच्या मनातला मुसलमानविरोधी पूर्वग्रह त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवला, ३१ पोलिसांवर दोष ठेवला. युती सरकारने अहवाल एकतर्फी ठरवून फेटाळला. ठीक, त्यांच्याकडून आशा कुणी केली होती? पण १९९९ ते २०१४ सत्तेत बसलेले तर आमच्या इफ्तारला टोपी घालून येणारे होते! बेपत्ता माणसांच्या वारसांना भरपाई द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगावे लागले. तीस वर्षांनी.

कुणी म्हणेल, चांगले अधिकारीही असतात. असतातच. १९८४ मध्ये पेटलेल्या भिवंडीत नंतर उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतले साधे हिंदू-मुसलमान आणि बीटचा शिपाई एकत्र बसवले. १९९२ मध्ये मुंबई जळाली, भिवंडी नाही. हमदर्दीला कामाची जोड दिली की काय होते, ते इथे दिसते. पण ते काम एका माणसाच्या शहाणपणावर उभे होते, आणि माणसाची बदली होते. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारी पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, जमावाने दोन पोलिसांना मारले. चारही घरांत मातम झाला.

त्याच वर्षी सच्चर समितीने आकडे मांडले. लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के, आयएएसमध्ये ३, आयपीएसमध्ये ४. उपाय म्हणून समान संधी आयोग सुचवला आणि ब्रिटनच्या १९७६ च्या वंशसंबंध कायद्याचा दाखला दिला. २००८ मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने आराखडाही तयार करून दिला. आयोग आजतागायत नाही. अश्रू ढाळणाऱ्यांनी तो केला नाही, न ढाळणाऱ्यांनीही नाही.

हा हिशेब मागणाऱ्याने आपली वहीही उघडी ठेवावी. आमच्या शाळा, पतसंस्था, मशिदींचे ट्रस्ट यांच्या कार्यकारिणीत पिंजारी किती, छप्परबंद किती, बाई एक तरी आहे का? 'इस्लाममध्ये जात नाही' हे उत्तर साहेबाच्या भाईचाऱ्याच्या भाषणाइतकेच सोयीचे आहे.

म्हणून पुढच्या संमेलनात सद्भावनेचा ठराव नको. ठराव असा असावा: प्रत्येक पोलीस आयुक्तालयाने भरती, बढती, अटक आणि नाकारलेल्या तक्रारी यांचे जात-धर्मवार आकडे दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावेत. सोबत आमच्या संस्थांच्या कार्यकारिणींची यादी जोडावी, आणि ती आम्हीच जोडावी.