नगरपालिकेचा ठराव आणि आपली वहिवाट



आपल्या वस्तीतील नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा किंवा घराखालची जागा यांविषयी आपण नगरपालिकेच्या कचेरीत गेलात, तर आपणांस बहुधा एकच उत्तर मिळते : 'तुमच्या कामाचा ठराव झालेला आहे.' ते ऐकून आपण समाधानाने घरी परततो. मग पुढारी वस्तीत येऊन तोच ठराव मोठ्या आवाजात सांगतात, त्यांना हार घातले जातात, आणि गटार पूर्वीप्रमाणेच दारातून वाहत राहते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असे समजण्याची चूक आपण आता सोडली पाहिजे. हे म्हणणे मी कोठून आणले असे कोणी विचारील, तर ते महाडहून आणले आहे.

महाडचा सत्याग्रह कोणास ठाऊक नाही? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, हे आपल्या घरची लहान मुलेही सांगतील. परंतु त्या दिवसाच्या आधीची आणि नंतरची जी कागदोपत्री हकीकत आहे, ती आपल्या सभांतून फारशी सांगितली जात नाही. भाषणात ती रंगत नाही हे खरे. पण ज्याला उद्या सकाळी नगरपालिकेची पायरी चढावयाची आहे, त्याला तीच अधिक उपयोगी आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव केला. त्या गावात सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे आपल्या चळवळीचे खरे मित्र होते, तेव्हा तो ठराव केवळ ढोंग होता असे मी म्हणणार नाही. पण पुढे काय झाले? तीन वर्षे ठराव वहीत राहिला आणि तळे होते तसेच राहिले. स्पृश्यांच्या भीतीने आपले लोक पाण्यापर्यंत जाऊ शकले नाहीत, आणि नगरपालिकेनेही त्यांना नेण्याची तसदी घेतली नाही. या तीन वर्षांत महाडच्या एकाही सनातनी गृहस्थाचा धर्म बुडाला नाही. न वापरलेल्या ठरावाचे ओझे कोणालाच होत नसते.

मग १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली आणि लोक रांगेने तळ्यावर जाऊन पाणी प्याले. तत्काळ वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठविण्यात आली, भाकरी खात बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या, आणि तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. एवढे सर्वांना माहीत आहे. आता दप्तराकडे वळा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. हा योगायोग नगरपालिकेच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे. तीन वर्षे जो ठराव कोणास खुपला नाही, तो अंमलात येताच पाच महिन्यांच्या आत पुसला गेला.

याहूनही बोधप्रद प्रकरण पुढचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी पुन्हा सत्याग्रह योजिला, तेव्हा महाडच्या स्पृश्यांनी १२ डिसेंबर रोजी त्यांच्यावर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. दाव्यातील म्हणणे काय होते? तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क आमचाच आहे! १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला हजारो लोक महाडास जमले. त्यांच्या परिषदेसाठी स्पृश्यांपैकी कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. नऊ महिन्यांपूर्वी डोकी फुटलेले हे लोक न्यायालयाचा हुकूम मानून तळ्याचे पाणी न घेता परतले. नगरपालिकेने स्वतःच्या ठरावाचाही मान राखला नव्हता, आणि ज्यांना ती अडाणी समजत होती त्यांनी न्यायालयाच्या हुकमाचा मान राखला.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला, १९३३ मध्ये अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी, अखेरचा निकाल दिला. तो निकाल प्रत्येक सुशिक्षित बौद्ध तरुणाने मुळातून वाचावा. उच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत वादींनी मालकीची भाषा टाकून दिली होती. तळे कायद्याने नगरपालिकेकडे आहे, हे त्यांनी कबूल केले. मग उरले काय? तळे नगरपालिकेचे, पण वहिवाट आमची, एवढेच! चार-पाच एकरांचे ते तळे, त्याच्या भोवती सर्व बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची आणि थोड्या मुसलमानांची घरे. अस्पृश्यांचे एकही घर जवळपास नाही. आपली घरे गावाबाहेर होती, म्हणून आपण तळ्याशी येत नव्हतो. आणि आपण येत नव्हतो, म्हणून तळे आमचे, असा हा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. अशी वहिवाट अनादि काळापासून चालत आली असे सिद्ध व्हावे लागते, आणि तसे ती सिद्ध झाली नाही, म्हणून अपील फेटाळण्यात आले.

मी हे इतके विस्ताराने का सांगत आहे? कारण 'नगरपालिकेचे, पण वहिवाट आमची' हे वाक्य १९३७ साली मेले नाही. गावाचा रस्ता आपल्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबतो, तेव्हा ते ऐकू येते. गावाचा कचरा कोठे टाकावयाचा हे ठरविताना ते ऐकू येते. मोकळी जागा पिढ्यानपिढ्या आपल्या मुलांच्या खेळण्याची असताना एके दिवशी तेथे कोणाचे तरी कुंपण उभे राहते, तेव्हा तर ते स्पष्टच ऐकू येते. फरक इतकाच की आज ते उघडपणे बोलले जात नाही.

आता आपल्या काळाची स्थिती पाहा. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा आहे. त्याप्रमाणे घरांवरील कराची आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने होते आणि ती कायम करण्यापूर्वी हरकती मागवाव्या लागतात. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा प्रथम प्रारूप म्हणून प्रसिद्ध होतो आणि त्यावरही हरकती घेतल्या जातात, सुनावणी होते. कोणाच्या घरावरून रस्ता जाणार आणि कोणाच्या शेजारी कत्तलखाना येणार, हे त्या नकाशात ठरते. ती सूचना कचेरीच्या फलकावर लागते, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापली जाते, आणि मुदत संपते. मुदत संपल्यावर आपण मोर्चा काढतो!

मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असतात. ज्या घटनादुरुस्तीने १९९२ साली नागरी संस्थांना घटनेत स्थान दिले, तिने त्या समित्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक केल्या. लहान नगरपरिषदेच्या रहिवाशाला हा आधार नाही. त्यातही महाराष्ट्रातील कित्येक नगरपरिषदांची मुदत २०२१ व २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली वर्षे प्रशासकांची होती. सभागृहातील सर्व खुर्च्यांचे काम एकाच खुर्चीने केले. त्या काळात आपल्या वस्तीविषयी कोणते ठराव झाले, कोणते काम दप्तरी पुरे झाल्याचे दाखविले गेले, याची नक्कल आपल्यापैकी कितीजणांनी मागितली? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, आणि तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक आहे.

येथे मला आपल्याच लोकांशी थोडे कठोर बोलावयाचे आहे. नगरपालिका आपणांस चौकाला नाव देते, कमान देते, १४ एप्रिलला रोषणाई देते. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता, आणि ज्यांना ती नावे पत्त्यात लिहावी लागली त्यांना त्याचे मोल कळते. परंतु पाटी बदलणे नगरपालिकेला स्वस्त पडते. त्या पाटीमागील घरांच्या मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, हे विचारणारा मनुष्य तिला आवडत नाही. कमानीसाठी दोनशे माणसे जमतात. हरकतीच्या सुनावणीला दोनही नसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे अशा कुटुंबांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यांची दिशाभूल करणारे पुष्कळ आहेत. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित घरावरील तुमचा हक्क जात नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्धांनाही लागू आहे. 'तुम्ही बौद्ध झालात, आता वस्ती सुधारणेची योजना तुम्हांस नाही' असे एखादा कारकून म्हणाला तर त्याला ते लेखी द्यावयास सांगा. तो देणार नाही. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा दर्जा केंद्रानेही मान्य केला आहे, आणि राज्याच्या वस्ती विकास योजनेच्या नावातच 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे शब्द आहेत.

एका नगरपरिषदेच्या हद्दीतील, नाल्याकाठच्या एका वस्तीची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे आमच्या नात्यातील दोन कुटुंबांची घरे एकाच भिंतीला लागून आहेत. २०१८ मध्ये शासकीय जमिनीवरील जुनी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण आले. १ जानेवारी २०११ पूर्वीचे वास्तव्य दाखवावयाचे होते. पहिल्या घरच्या म्हाताऱ्याने करपावत्या, विजेची बिले, नळाच्या अर्जाची पोच, सर्व काही पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. करपावती म्हणजे मालकी नव्हे, हे त्यालाही ठाऊक होते. पण आपण येथे राहत होतो हे ती पावती सांगते, असे तो म्हणे. त्याचे नाव यादीत आले. दुसऱ्या घरच्या बाईने एका पावसाळ्यात भिजलेली कागदपत्रे चुलीत घातली होती. ती कचेरीत गेली आणि म्हणाली, माझ्या पावत्या नसल्या तरी तुमच्या वहीत नोंद असेल. तिला सांगण्यात आले की, त्या वर्षांच्या आकारणी वह्या सापडत नाहीत, बहुधा उंदरांनी खाल्ल्या. ज्या वह्या सांभाळण्यासाठी पगारी माणसे नेमली आहेत त्या उंदीर खातात, आणि त्याची शिक्षा त्या बाईने भोगावयाची! एकच भिंत, एकच नाला, एकच साल. एक घर पात्र आणि दुसरे अपात्र.

ती बाई स्वस्थ बसली नाही. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पावत्यांवर शेजाऱ्यांच्या यादीप्रमाणे क्रमांक पडलेले होते, आणि दोन क्रमांकांच्या मधला क्रमांक तिच्या घराचाच असू शकत होता. तिच्या मुलाने त्यांच्या छायाप्रती लावून, जुन्या मतदार यादीची नक्कल जोडून, नवा अर्ज केला. आवक विभागातील माणूस पोच देईना. 'ठेवून जा, साहेबांना दाखवतो,' असे तो म्हणाला. मुलगा बाकावर बसून राहिला. कचेरी बंद होण्याच्या वेळेस अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का उमटला, तारीख पडली, आवक क्रमांक पडला. अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. पहिले अपील झाले आहे. पोचेची ती प्रत आता म्हाताऱ्याच्याच पेटीत ठेवली आहे, कारण त्या पेटीत पाणी शिरत नाही.